लिनक्स कर्नेलमधली सुरक्षा त्रुटी दुरुस्त करताना

कर्नेलमधल्या सुरक्षा त्रुटीचा पॅच बहुतेक वेळा लहानच असतो. २०२२ साली गाजलेल्या ‘डर्टी पाइप’ची दुरुस्ती दोन ओळींची होती: पाइप बफरमधलं ‘फ्लॅग्ज’ हे फील्ड दोन फंक्शनांमध्ये शून्य करायचं, बस्स. वेळ जातो तो अशा ओळी कुठे घालायच्या हे ठरवण्यात. कोणता नियम मोडला, तो पहिल्यांदा कुठे मोडला आणि तोच नियम आणखी कुठे मोडलेला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात नसताना लिहिलेला पॅच फक्त एक वाट बंद करतो. त्रुटी तिथेच राहते आणि हल्लेखोर दुसऱ्या वाटेने येतो.

खालची पद्धत लिनक्ससाठी आहे. सी भाषा येते, गिट वापरता येतं आणि स्वतः बिल्ड केलेला कर्नेल एकदा तरी बूट केला आहे, असं गृहीत धरलं आहे. ज्यांना पॅच लिहायचा नाही, फक्त सर्व्हर सुरक्षित करायचे आहेत, त्यांनी थेट शेवटचा भाग वाचला तरी चालेल.

आधी कळवा, तेही योग्य जागी

त्रुटी अजून जाहीर झालेली नसेल तर सुरुवात कोडपासून करू नका. सार्वजनिक मेलिंग लिस्टवर किंवा गिटच्या सार्वजनिक शाखेवर अर्धवट पॅच टाकणं म्हणजे दुरुस्ती पोहोचण्याआधी हल्ल्याचा नकाशा वाटणं. कर्नेलच्या सुरक्षा टीमचा खासगी ईमेल पत्ता कर्नेलच्या कागदपत्रांत दिलेला आहे. तिथे लिहा, आणि ज्या सबसिस्टिममध्ये त्रुटी आहे तिच्या मेंटेनरनाही (तो कोड सांभाळणाऱ्यांनाही) त्याच मेलमध्ये घ्या. मेल साध्या मजकुरात असावा, झिप किंवा पीडीएफ नको. कोणत्या कमिटवर तपासलं, कॉन्फिग फाइल, त्रुटी घडवणारा छोटा प्रोग्रॅम, कर्नेल लॉग आणि पॅच तयार असेल तर तोही द्या.

गुप्ततेची मुदत फार मोठी मिळत नाही. पक्की दुरुस्ती तयार झाली की सुरक्षा टीम ती प्रसिद्ध करणं जास्तीत जास्त ७ दिवस लांबवते, अपवाद म्हणून १४. वितरणांच्या (डेबियन, रेड हॅट वगैरेंच्या) सामायिक खासगी यादीवर, म्हणजे ‘लिनक्स-डिस्ट्रोज’वर, मेंटेनरनी दुरुस्ती मान्य करेपर्यंत लिहू नका. त्या यादीचे मुदतीचे नियम वेगळे आणि कडक आहेत; एकदा तिथे लिहिलं की घड्याळ तुमच्या हातात राहत नाही. सीव्हीई क्रमांकासाठी, म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणाऱ्या ओळख क्रमांकासाठीही थांबू नका. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेल समुदाय स्वतःच हे क्रमांक देतो, आणि ते साधारणपणे दुरुस्ती स्टेबल शाखेत (प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या शाखेत) पोहोचल्यावर मिळतात.

तपासणीचं यंत्र

त्रुटी घडवणारा प्रोग्रॅम रोजच्या लॅपटॉपवर चालवू नका. मेमरी बिघडलेला कर्नेल डिस्कवर काहीही लिहू शकतो. क्यूईएमयू आणि केव्हीएम वापरून आभासी यंत्र उभं करा. ‘मेक डेफकॉन्फिग’, त्यावर ‘केव्हीएम_गेस्ट’ची जोड, आणि मग स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ या साधनाने पुढचे पर्याय चालू करा: मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं केॲसॅन, त्याचा इनलाइन प्रकार, डीबग माहिती, लॉकच्या चुका पकडणाऱ्या लॉकडेपसाठी ‘प्रूव्ह_लॉकिंग’, ‘डीबग_ॲटॉमिक_स्लीप’ आणि यूबीसॅनची मर्यादा-तपासणी.

यानंतर ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा, आणि लगेच कॉन्फिग फाइलमध्ये हे सगळे पर्याय खरंच शिल्लक आहेत का ते ग्रेप करून बघा. एखाद्या पर्यायाची पूर्वअट पुरी होत नसेल तर ही पायरी तो पर्याय काहीही न बोलता काढून टाकते. मग माणूस तासन्‌तास रिप्रोड्यूसर (त्रुटी घडवणारा प्रोग्रॅम) चालवतो आणि केॲसॅन चालूच नसतं.

दोन प्रकारच्या त्रुटी एकाच वेळी शोधायला जाऊ नका. डेटा रेस शोधणारं केसीसॅन केॲसॅनसोबत एका कर्नेलमध्ये बसत नाही, त्यासाठी वेगळं बिल्ड लागतं. न भरलेली मेमरी वाचली जाते का हे बघायचं असेल तर केएमसॅन आहे, ते ६.१ पासून मुख्य कर्नेलमध्ये आहे, पण क्लँगनेच बिल्ड करावं लागतं.

यंत्राला २ जीबी मेमरी बहुधा पुरते. सर्वसाधारण प्रकारचं केॲसॅन मेमरीचा आठवा भाग स्वतःच्या नोंदींसाठी घेतं, हे धरून चाला. सीपीयू मात्र किमान २ द्या, शर्यतीची (रेसची) त्रुटी असेल तर ४. एकाच सीपीयूवर दोन कामं एकमेकांच्या मध्ये शिरण्याची फट क्वचितच उघडते. सीरियल कन्सोल चालू करून तो होस्टवरच्या फाइलमध्ये वळवा. पॅनिक झाल्यावर पडद्यावर अहवालाची फक्त शेपटी उरते, आणि आपल्याला लागतं ते डोकं. जीडीबी जोडणार असाल तर बूट ओळीत ‘नोकेएएसएलआर’ घाला, नाहीतर पत्ते जुळणार नाहीत.

आता पॅच न केलेल्या कर्नेलवर त्रुटी घडवून दाखवा. घडत नसेल तर पॅच लिहायला घेऊ नका, कारण नंतर ‘आता होत नाही’ या वाक्याला काही अर्थच राहणार नाही. न घडण्याची नेहमीची कारणं अशी: संबंधित ड्रायव्हर किंवा फाइलसिस्टिम बिल्डमध्येच नाही, यूजर नेमस्पेस (यूजरला फक्त आतल्यापुरते जादा अधिकार देणारी वेगळी चौकट) बंद आहेत, किंवा ‘इनिट_ऑन_ॲलॉक’ चालू असल्याने प्रत्येक नवी मेमरी शून्याने भरून येते आणि न भरलेल्या फील्डची त्रुटी झाकली जाते.

केॲसॅनचा अहवाल वाचताना

अहवालाच्या पहिल्या ओळीत प्रकार आणि फंक्शन असतं, उदाहरणार्थ ‘स्लॅब-आउट-ऑफ-बाउंड्स’ (मर्यादेबाहेर जाणं) किंवा ‘स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री’ (मुक्त केलेली मेमरी वापरणं). दुसऱ्या ओळीत वाचन होतं की लेखन आणि किती बाइटांचं. ही दुसरी ओळ दुर्लक्षित राहते, पण गांभीर्य तीच सांगते: मर्यादेबाहेरचं एक बाइट वाचणं आणि हल्लेखोराला हव्या त्या लांबीचं लेखन करता येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्याखाली तीन स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याच्या याद्या) येतात. चुकीचा वापर कुठे झाला, मेमरी कोणी घेतली होती, आणि मुक्त केली असेल तर कोणी केली. सगळ्यांची नजर पहिल्या स्टॅकवर जाते आणि दुरुस्तीही तिथेच केली जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. यूज-आफ्टर-फ्रीमध्ये दोष जवळजवळ नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टॅकच्या मध्ये असतो: ज्याने मेमरी मुक्त केली त्याला ती करण्याचा हक्क नव्हता, किंवा जो वापरत होता त्याने आपली संदर्भ-मोजणी (वस्तू किती जण वापरत आहेत याची नोंद) वाढवलेलीच नव्हती.

स्टॅकमध्ये ज्या ओळींच्या आधी प्रश्नचिन्ह आहे त्या भरवशाच्या नसतात, जुन्या कॉलचे अवशेष असू शकतात. पत्त्यांवरून फाइल आणि ओळ क्रमांक काढायला स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं ‘डीकोड_स्टॅकट्रेस’ वापरा. त्याला त्याच बिल्डचं ‘व्हीएमलिनक्स’ द्यावं लागतं, मधे पुन्हा बिल्ड केलं असेल तर ओळी चुकतात. आणि फक्त पहिल्या अहवालावर विश्वास ठेवा. एकदा मेमरी बिघडली की पुढचे अहवाल त्या बिघाडाचे परिणाम असतात.

एक त्रुटी जवळून: सीव्हीई-२०२२-०१८५

फाइलसिस्टिम माउंट करताना दिलेले पर्याय ‘लेगसी_पार्स_पॅरम’ हे फंक्शन एका ४०९६ बाइटांच्या बफरमध्ये एकामागून एक जोडत जातं: स्वल्पविराम, नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. नवा पर्याय मावतो का हे बघणारी जुनी अट अशी होती:

लेन > पेज_साइज - २ - साइज

इथे ‘साइज’ म्हणजे आतापर्यंत भरलेले बाइट आणि ‘लेन’ म्हणजे नव्या मजकुराची लांबी. वजा केलेले २ बाइट सुरुवातीचा स्वल्पविराम आणि शेवटचं शून्य यांच्यासाठी. वाचायला अगदी बरोबर वाटते. आता कडेला जाऊन बघा. अटीत बसणारी सर्वांत मोठी ‘लेन’ दिली तर स्वल्पविराम धरून ‘साइज’ बरोबर ४०९५ होतो, आणि हे नियमाप्रमाणेच आहे. पुढच्या खेपेला ४०९६ - २ - ४०९५ म्हणजे उणे १. पण ही वजाबाकी चिन्हरहित आकड्यांची आहे, त्यामुळे उणे १ कधी येतच नाही. येतो तो ६४ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा. कोणतीही ‘लेन’ त्यापेक्षा लहानच असणार. अट कायमची निष्प्रभ झाली आणि बफरच्या पुढे लिहिण्याची मोकळीक मिळाली.

दुरुस्ती एका ओळीत झाली:

साइज + लेन + २ > पेज_साइज

इथे थांबून पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: बेरीज तरी उलटणार नाही कशावरून? ‘साइज’ ४०९५ च्या वर जात नाही, आणि नाव व किंमत यूजरकडून घेताना प्रत्येकी २५६ बाइटांची मर्यादा आधीच लावलेली आहे. म्हणून बेरीज सुरक्षित आहे. ही मर्यादा नसती तर नुसती वजाबाकीची बेरीज करून भागलं नसतं; ‘चेक_ॲड_ओव्हरफ्लो’ वापरावं लागलं असतं. आपला पॅच ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत कोडमध्ये कुठे पाळलं जातं हे शोधून काढा आणि कमिट संदेशात एका वाक्यात लिहा. उद्या कोणी ती २५६ ची मर्यादा वाढवली तर त्याला ते वाक्य सापडलं पाहिजे.

याच त्रुटीत आणखी एक गोष्ट दिसते. इथवर पोहोचायला ‘कॅप_सिस_ॲडमिन’ हा अधिकार लागतो, म्हणून ती किरकोळ समजली जाऊ शकली असती. पण साध्या यूजरला नवी यूजर नेमस्पेस उघडता येत असेल तर तिच्या आत हा अधिकार त्याला आपोआप मिळतो. ‘रूटलाच जमतं’ हा युक्तिवाद करण्याआधी कोणता रूट, कोणत्या नेमस्पेसमधला, हे तपासा.

दुरुस्ती कुठे आणि कशी

लांबी आणि मर्यादा यांच्या त्रुटींना कर्नेलमध्ये तयार साधनं आहेत, ती वापरा. हाताने गुणाकार करून मेमरी मागू नका. ‘के-मॅलॉक_ॲरे’, ‘स्ट्रक्ट_साइज’ आणि ‘ॲरे_साइज’ गुणाकार उलटला तर मागणीच नाकारली जाईल अशी व्यवस्था करतात. यूजरकडून आलेला आकडा निर्देशांक म्हणून वापरायचा असेल तर मर्यादा तपासल्यावर ‘ॲरे_इंडेक्स_नोस्पेक’मधून काढा, नाहीतर स्पेक्टर या प्रोसेसरच्या त्रुटीच्या पहिल्या प्रकाराला दार उघडं राहतं. बफर मोठा करून त्रुटी ‘सोडवणं’ ही दुरुस्ती नव्हे.

यूजरच्या मेमरीतून एकच गोष्ट दोनदा वाचणं हा एक जुना सापळा आहे. पहिल्यांदा लांबी वाचून तपासली, मग पूर्ण संरचना कॉपी केली, आणि पुढे कॉपीमधली लांबी वापरली. दरम्यान दुसऱ्या थ्रेडने ती बदललेली असते. एकदाच कॉपी करा. दोनदा करावीच लागली तर दुसऱ्या कॉपीनंतर पुन्हा तपासा किंवा तपासलेली किंमत तीत परत लिहा. संरचना परत यूजरला देताना फील्डांच्या मधली रिकामी जागाही बाहेर जाते. सगळी फील्डं भरली म्हणजे झालं असं नाही, आधी ‘मेमसेट’ करा.

यूज-आफ्टर-फ्री हा सर्वांत खोल विषय आहे, आणि वरवरची मलमपट्टीही सर्वांत जास्त इथेच होते. ठरलेली चुकीची दुरुस्ती म्हणजे मुक्त केल्यावर पॉइंटर नल करायचा आणि वापरण्याआधी नल आहे का ते बघायचं. दुसऱ्या सीपीयूने नल नाही हे बघितलं आणि वापरण्याआधीच पहिल्याने मेमरी मुक्त केली, तर ही तपासणी काय कामाची? फट अरुंद झाली, बंद झाली नाही. आता ती चाचणीत सापडणार नाही एवढंच, आणि ते जास्त धोक्याचं.

खरा प्रश्न मालकीचा असतो. प्रत्येक वापरकर्त्याकडे स्वतःचा मोजलेला संदर्भ हवा. यादीत शोधून वस्तू घेताना मोजणी शून्य नसेल तरच वाढवणारं ‘रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो’ किंवा ‘केरेफ_गेट_अनलेस_झीरो’ वापरा. साध्या वाढीने मरणपंथाला लागलेली वस्तू पुन्हा जिवंत केली जाते. ‘ॲटॉमिक_टी’वर हाताने मोजणी चालवलेली दिसली तर ‘रेफकाउंट_टी’ आणता येतं का बघा, ती उलटत नाही, टोकाला अडकून इशारा देते.

मोडणीचा क्रम हा दुसरा मुद्दा. तो असा असावा: वस्तू आधी सार्वजनिक याद्यांतून काढायची, म्हणजे नवे वाटसरू येणार नाहीत. मग टायमर आणि वर्कक्यू थांबवायचे. मग आरसीयूने (लॉक न घेता वाचू देणाऱ्या यंत्रणेने) वाचणारे संपेपर्यंत थांबायचं, ‘के-फ्री_आरसीयू’ किंवा ‘सिंक्रोनाइझ_आरसीयू’ने. शेवटी मुक्त करायचं. क्रम उलटला की त्रुटी ठरलेली. टायमर स्वतःला पुन्हा लावत असेल, किंवा टायमर कामाला आणि काम टायमरला जागं करत असेल, तर नुसतं डिलीट करून भागत नाही, ६.२ पासून असलेलं ‘टायमर_शटडाउन_सिंक’ त्याला पुन्हा लागू देत नाही. आणि जे लॉक ते काम स्वतः घेतं, तेच लॉक हातात धरून ‘कॅन्सल_वर्क_सिंक’ बोलावू नका, दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. लॉकडेप चालू ठेवण्याचं हे एक मोठं कारण.

शर्यतीच्या त्रुटीत मध्ये विलंब घालणं, किंवा सापडला म्हणून कोणताही लॉक लावणं, हे टाळा. तो लॉक कोणत्या फील्डांचं रक्षण करतो ते आधी लिहून काढा आणि त्या फील्डांना हात लावणारी प्रत्येक जागा तोच लॉक घेते का ते बघा. एक जागा सुटली तरी लॉक नसल्यासारखाच.

‘बग_ऑन’ घालून त्रुटी अडवू नका. त्याने सुरक्षा त्रुटीच्या जागी यंत्र बंद पाडण्याची सोय होते. यूजरला जिथे पोहोचता येतं तिथे ‘वॉर्न_ऑन’सुद्धा नको, कारण अनेक ठिकाणी कर्नेल इशाऱ्यावर पॅनिक करायला लावलेला असतो. त्रुटी-कोड परत करा आणि आतापर्यंत घेतलेलं सगळं उलट क्रमाने सोडा.

भावंडं शोधा

‘डर्टी काऊ’ या त्रुटीचं उदाहरण या कामात कायम डोळ्यांसमोर असावं. २००७ च्या २.६.२२ पासून कर्नेलमध्ये असलेली ही शर्यत ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. त्या पॅचच्या संदेशातच लिहिलं आहे की हीच अडचण अकरा वर्षांपूर्वी सोडवायचा प्रयत्न झाला होता, आणि एस३९० आर्किटेक्चरवरच्या अडचणींमुळे तो मागे घ्यावा लागला होता. २०१६ ची दुरुस्ती ‘मेमरीच्या पानावर डर्टी बिट (पान बदलल्याची खूण) आहे म्हणजे त्याची कॉपी झालेली आहे’ या गृहीतावर उभी होती. साध्या पानांना ते लागू होतं. तोच तर्क नंतर मोठ्या पानांच्या कोडमध्ये नेला गेला, पण तिथे कॉपी न होताही डर्टी बिट लागू शकत होता. परिणामी २०१७ मध्ये सीव्हीई-२०१७-१०००४०५ निघाली.

म्हणून पॅच लिहून झाला की तोच आकृतिबंध बाकीच्या कोडमध्ये शोधा. त्याच फाइलमधली जुळी फंक्शनं आधी: वाचनाची दुरुस्ती केली तर लेखनाची बघा, आयपीव्ही४ ची केली तर आयपीव्ही६ ची, साधा आयऑक्टल (ड्रायव्हरला आज्ञा देणारा कॉल) केला तर ३२ बिटांसाठीचा कॉम्पॅट आयऑक्टलही. ‘गिट ग्रेप’ने बरंच सापडतं, आकृतिबंध थोडा गुंतागुंतीचा असेल तर कॉक्सिनेलचा नियम लिहा, तो सीची रचना समजून शोधतो.

मूळ कमिट शोधायला ‘गिट ब्लेम’ पुरतोच असं नाही, मधल्या साफसफाईच्या कमिटवर तो अडकतो. ती ओळ पहिल्यांदा कधी आली हे ‘गिट लॉग’ला मोठा एस पर्याय देऊन शोधा. रिप्रोड्यूसर भरवशाचा असेल तर ‘गिट बायसेक्ट’ सर्वांत सरळ, १००० कमिट साधारण १० फेऱ्यांत संपतात. पण बायसेक्ट जिथे त्रुटी दिसू लागली ती जागा देतं, जिथे ती आली ती नव्हे. ‘डर्टी पाइप’मध्ये फ्लॅग्ज न भरण्याची चूक ४.९ मध्ये आली, पण तिचा गैरफायदा घेणं शक्य झालं ५.८ पासून, कारण बफरमध्ये भर घालू देणारा फ्लॅग तेव्हा आला. कमिट संदेशातल्या ‘फिक्सेस’ ओळीत मूळ चूक जिथे आली तोच कमिट लिहायचा.

पडताळणी

पॅच केलेल्या कर्नेलवर रिप्रोड्यूसर एकदा शांत राहिला म्हणून थांबू नका. आधी त्रुटी सरासरी किती वेळात घडत होती ते बघा आणि त्याच्या अनेक पट वेळ चालवा. तशीच चाचणी केॲसॅन नसलेल्या बिल्डवरही करा, कारण केॲसॅनने वेळेची गणितं बदलतात आणि शर्यत कधी उघडते, कधी लपते.

नव्या त्रुटी-मार्गांना मुद्दाम चालवा. ‘फेलस्लॅब’ने मेमरीची मागणी कृत्रिमरीत्या नाकारता येते, जो परतीचा मार्ग कधी चाललाच नाही त्यात दुहेरी मुक्तता दडून बसते. लांबीची दुरुस्ती असेल तर ३२ बिटांचं बिल्डही करा, आणि कोड पानाच्या आकारावर अवलंबून असेल तर एआरएम६४ वर ६४ केबीच्या पानांसह. शिवाय त्या सबसिस्टिमच्या केसेल्फटेस्ट (कर्नेलसोबत येणाऱ्या चाचण्या) चालवा. शक्य असेल तर रिप्रोड्यूसरचं निरुपद्रवी रूप तिथेच चाचणी म्हणून जोडा, पण ते दुरुस्ती सगळीकडे पोहोचल्यानंतर.

पॅच पाठवताना

एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. वाटेत दिसलेली मांडणी सुधारायचा मोह आवरा, कारण स्टेबल शाखेत जाणारा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत असावा असा नियम आहे, आणि जुन्या शाखांवर प्रत्येक जादा ओळ नवा संघर्ष (गिटचा कॉन्फ्लिक्ट) निर्माण करते. साफसफाई दुसऱ्या पॅचमध्ये, नंतर.

संदेशात काय चुकत होतं, कोणत्या परिस्थितीत, परिणाम काय आणि ही दुरुस्ती का पुरेशी आहे, हे स्पष्ट लिहा. हल्ला कसा करावा हे लिहायची गरज नाही, पण परिणाम दडवूही नका. ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहिलेला सुरक्षा पॅच वितरणांचे लोक उचलत नाहीत आणि वापरणारे वर्षानुवर्षं उघडे राहतात. शेवटी ‘फिक्सेस’ची ओळ, त्यात कमिटची किमान पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक, स्टेबल टीमला प्रत, कळवणाऱ्याच्या नावाची ‘रिपोर्टेड-बाय’ आणि तुमची ‘साइन्ड-ऑफ-बाय’. ‘फिक्सेस’ आहे म्हणजे पॅच आपोआप स्टेबलमध्ये जाईलच असं धरू नका, प्रतीची ओळ वेगळी लिहा. ‘चेकपॅच’ चालवा, ‘गेट_मेंटेनर’ने पत्ते काढा आणि ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवा, साधा मेल क्लायंट टॅबच्या जागी स्पेस घालून पॅच मोडतो.

जुन्या शाखांवर नेताना

मुख्य शाखेत गेल्याशिवाय स्टेबलमध्ये काही जात नाही. नेताना नव्या शाखेकडून जुन्या शाखेकडे या, म्हणजे एका शाखेवर सोडवलेला संघर्ष पुढच्या शाखेला उपयोगी पडतो. ‘गिट चेरी-पिक’ला एक्स पर्याय द्या, मूळ कमिटची खूण संदेशात राहते.

संघर्ष आला तर माणूस जागा होतो. धोका असतो तो संघर्ष न येता स्वच्छ बसलेल्या पॅचचा. जुन्या शाखेत त्याच नावाचं फंक्शन वेगळा लॉक धरून बोलावलं जात असेल, किंवा ‘गोटू’ ज्या लेबलवर उडी मारतो तिथे जुन्या कोडमध्ये एक मुक्तता कमी किंवा जास्त असेल. बिल्ड होतं, बूट होतं, आणि त्रुटी-मार्गावर गळती किंवा दुहेरी मुक्तता होते. म्हणून पॅच बसल्यावर संपूर्ण फंक्शन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, फक्त फरक नव्हे. आणि ज्या कमिटची दुरुस्ती नेत आहात त्याच्या पहिल्या १२ अक्षरांसाठी मुख्य शाखेच्या लॉगमध्ये शोध घ्या: त्या दुरुस्तीचीच पुढे कोणी दुरुस्ती केली असेल तर तिची ‘फिक्सेस’ ओळ सापडेल, आणि दोन्ही पॅच एकत्र न्यावे लागतील.

चालू यंत्रांवर

कर्नेलचं पॅकेज बसवलं म्हणजे कर्नेल बदलला असं नाही. रीबूट होईपर्यंत जुनाच चालतो. कंटेनरची प्रतिमा अद्ययावत करून काहीच होत नाही, कारण सगळे कंटेनर होस्टचाच कर्नेल वापरतात. रेड हॅट कुळात ‘यूनेम’ला आर पर्याय दिला की चालू पॅकेजची आवृत्ती दिसते. डेबियनमध्ये त्या पर्यायाने दिसणारं नाव दोन अद्ययावतांमध्ये तेच राहू शकतं, नेमकी आवृत्ती व्ही पर्यायात असते. मूळ कर्नेलच्या आवृत्तीशी आकडा ताडून ‘आपला जुना आहे’ किंवा ‘नवा आहे’ असा निष्कर्ष काढू नका. वितरणं दुरुस्ती जुन्या आकड्यावरच आणतात. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा, उत्तर तिथे आहे.

रीबूट लगेच शक्य नसेल तर लाइव्हपॅच, म्हणजे चालू कर्नेलमध्येच बसवला जाणारा पॅच, आहे. तो फंक्शनं बदलतो, संरचना सहजासहजी नाही; म्हणून प्रत्येक त्रुटीला तो मिळेलच असं नसतं. तो चढवल्यावर सिसएफएसमधल्या त्याच्या ‘ट्रान्झिशन’ फाइलमध्ये ० येईपर्यंत काम पूर्ण झालेलं नसतं. जुन्या फंक्शनमध्ये झोपलेली एखादी प्रोसेस तिथे १ अडकवून ठेवू शकते. ‘यूनेम’ मात्र जुनीच आवृत्ती दाखवत राहतो, त्यामुळे तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये ही फाइलही घ्या.

तेही नसेल तर वाट बंद करा. सीव्हीई-२०२२-०१८५ सारख्या त्रुटींत ‘यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस’ शून्य केल्याने साध्या यूजरचा मार्ग तुटतो, पण रूटशिवाय चालणारे कंटेनर आणि ब्राउझरचे सँडबॉक्सही त्याने बंद पडतात. कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरवर आधी एका यंत्रावर करून बघा. त्रुटी मॉड्यूलमध्ये असेल तर मॉडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये नुसतं ‘ब्लॅकलिस्ट’ लिहू नका. ते फक्त आपोआप चढणं अडवतं. नाव घेऊन किंवा दुसऱ्या मॉड्यूलची गरज म्हणून ते तरीही चढतं. ‘इन्स्टॉल’ ओळ लिहून त्या नावाला ‘बिन/फॉल्स’ जोडा. आधीच चढलेलं असेल तर ‘आरएममॉड’ने उतरवा, आणि ‘एलएसमॉड’मध्ये दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ या यादीत त्याचं नाव असेल तर ते कर्नेलच्या आतच भरलेलं आहे आणि कॉन्फिगची कोणतीही ओळ त्याला अडवणार नाही. तिथे रीबूटची वेळ ठरवूनच घ्यावी लागते, आणि नवा कर्नेल नीट चालतो याची खात्री झाली की बूट मेन्यूमधला जुना, त्रुटी असलेला कर्नेल काढून टाका.